बाळंतिणीचं पाणी

थोरली बहीण बाळंतपणाला कुरवंड्याला माहेरी आली होती. मी तेव्हा पुण्यात नर्सिंग शिकत होते. सुट्टी मिळाली तशी लोणावळ्याला उतरून भर वैशाखात चालत घर गाठलं. बाळाची पाचवी नुकतीच झाली होती.

बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि घुसमटले. खिडकी गोधडीनं बुजवलेली, बाजेखाली शेगडी. ताईचे डोळे खोल गेलेले, ओठांना भेगा पडलेल्या. बाळ छातीशी लावलं तरी चिडून रडत होतं.

"ताई, जीभ दाखव."

जीभ कोरडी ठाक. मनगट धरलं तर नाडी बारीक आणि पळती. हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली, मग हळूहळू बसली. उठवून बसवलं तर डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणाली.

"लघवीला कधी गेली होतीस?"

"सकाळी. वाईच झाली, गडद पिवळी. लय जळजळतंय."

"पाणी किती पितेस?"

ती आईकडं बघायला लागली.

"बाळंतिणीला पानी देत न्हाईत," आई म्हणाली. "प्वाट सुटतं. बाळाला सर्दी हुतीया. घोटभर देतो की जेवताना."

माझं डोकं फिरलं. ओसरीवर आबा तांब्या तोंडाला लावून घटाघटा पीत बसले होते. लेक आत सुकतेय याची त्यांना खबर नव्हती, आणि असती तरी तो बायकांचा विषय होता.

"गोठ्यातली म्हैस व्याली तेव्हा तिच्यापुढं गुळाच्या पाण्याची बादली ठेवलीस ना? का ठेवलीस?"

"दूध यावं म्हनून."

"मग हिला कुठून येईल दूध?"

"जनावराचं येगळं असतं. चार बुकं शिकलीस म्हनून रीत मोडाया निगालीस व्हय?"

मी चुलीपाशी गेले. पाणी उकळून निववलं, गूळ आणि चिमूटभर मीठ घातलं. आईनं वाट अडवली, माझं मनगट धरलं. मी हात सोडवून घेतला आणि ताईला घोट घोट पाजत राहिले. मधूनमधून तांदळाची पेज दिली. शेगडी उचलून अंगणात ठेवली, गोधडी ओढून काढली. ताई पिताना रडत होती. दिवस मावळताना तिला भरपूर लघवी झाली, फिकी. दोन दिवसांत छाती भरून आली आणि बाळ पोटभर पिऊन झोपलं.

शेजारची मावशी बाळाला बघायला आली तेव्हा आई तिला म्हणाली, "अळिवाचं लाडू लागू पडलं बग."

मावशी गेल्यावर मी आईवर तुटून पडले. "तुला कधी तहान लागलीच नाही का गं, आमच्या वेळी?"

आई तांदूळ निवडत होती. "लागायची की. तुज्या येळंला जीव जातोय असं वाटलं. सासू शेतावर गेलती. मोरीतल्या बादलीत हातपाय धुवून उरलेलं व्हतं, त्येच प्याले."

"आणि तरी तू ताईला..."

"तवा मला खोकला झालता. सासू म्हनली, चोरून पानी प्यालीस म्हनूनच झाला."

ती अजून ते खरं मानत होती. मला ओरडायचं होतं, पण कुणावर, ते कळेना. तिची सासू तर कधीच मरून गेली होती.