वाटीखालचा पेढा

डोहाळजेवणातला दोन वाट्यांचा खेळ मला पहिल्यापासून आवडत नाही. एका पालथ्या वाटीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. गर्भारशीने एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा म्हणून टाळ्या, बर्फी निघाली तर "असू दे, लक्ष्मी येईल" म्हणत बायका ताटांकडे बघायला लागतात. तरी भाचीच्या डोहाळजेवणाला मी जळगावहून शिरपूरला गेले. माझी बहीण आता नाही, त्यामुळे पोरीला माहेरचं माणूस म्हणजे मीच. आणि तिच्याकडून मला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

तिला पहिली मुलगी आहे, बालवाडीत जाते. गेल्या वर्षी, कापूस वेचणीच्या दिवसांत, भाचीला परत दिवस गेले होते. नवरा आणि सासू तिला देवदर्शनाला म्हणून सीमेपलीकडे मध्य प्रदेशात घेऊन गेले. कुठला देव, ते कुणी सांगेना. मी भेटायला गेले तर पोर भिंतीकडे तोंड करून पडलेली, अंगात ताप, पोट रिकामं केलेलं. सासूबाईंनी मला ओट्यावर बोलावलं आणि भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अक्का, तिनी मरजी शे. बाईना आंगवर बाईनाच हक्क. तुम्हीच तर सांगतस."

सांगते खरी. त्यांच्याच महिला मंडळात, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात, माइक धरून सांगितलं होतं. माझ्याच ताटातलं उष्टं कुणी मलाच वाढावं तशी शिसारी आली. आत जाऊन मी भाचीला विचारलं, "तुला हवं होतं का गं हे?" ती म्हणाली, "मावशी, जाऊ दे ना." बस, एवढंच. नंतर फोनवर किती वेळा विचारलं, तिने दर वेळी हवापाण्यावर विषय नेला.

जळगावात आमचा बायकांचा गट आहे. हुंडा, मारहाण, पोटगी, सगळ्यासाठी आम्ही एकत्र भांडतो. पण गर्भपाताचा विषय निघाला की मी एकटी पडते. माझी वकील मैत्रीण म्हणते, "तू पोथीवाल्यांच्या पंगतीला बसलीस." अगं, पोथीचा काय संबंध? मी बाईच्या बाजूनेच बोलते. नवऱ्याला मूल नको, बाईने पाडायचं. नोकरीवर रजा मिळत नाही, बाईने पाडायचं. वंशाला दिवा हवा, बाईने पाडायचं. नवरा बदलत नाही, मालक बदलत नाही, सासर तर नाहीच नाही. सगळ्यांच्या अडचणीवर उपाय म्हणून आडवं व्हायचं ते बाईनेच, आणि वर त्याला तिची मुक्ती म्हणायचं. किळस येते मला या शब्दाची. आणि पोटातली ती पोर, तिच्या हक्कासाठी कोण भांडणार?

मैत्रीण चिडते. म्हणते, दार बंद केलंस तर बाया चोरून पोटात काड्या घालून मरतील, बलात्कार झालेल्या पोरीला तू काय सांगशील? तिचं खोटं नाही. पण भाचीचा ताप आठवला की माझं डोकं परत फिरतं. "तिची मरजी" असं तिच्या सासूने सांगावं आणि तिने भिंतीकडे बघावं, ही कसली मरजी?

तर डोहाळजेवण. झोपाळा फुलांनी मढवलेला, भाचीच्या अंगावर हिरवी साडी, हातात कागदी धनुष्यबाण, फोटोवाला तिला सारखं हसायला सांगतोय. सासूबाई जरीच्या साडीत पुरीसारख्या फुगलेल्या. येणारी प्रत्येक बाई "या वेळी नातूच बरं का" म्हणायची आणि त्या "देवाची इच्छा" म्हणत वर बघायच्या. स्वयंपाकघरातून वरणबट्टीचा वास येत होता.

मग सासूबाईंनी स्वतः ताट आणलं. ताटात दोन चांदीच्या वाट्या, पालथ्या. भाचीने एक उचलली. पेढा. टाळ्या, शिट्ट्या, कुणी तरी पाळणा म्हणायला लागलं. सासूबाईंनी पेढ्याचा तुकडा तिच्या तोंडाशी नेला आणि दुसऱ्या हाताने ताट उचलायला गेल्या.

भाचीने ताट धरलं.

"थांबा आई, दुसरीपण बघू."

"कशाला वं? खेळ झाया ना," असं म्हणत त्यांनी ताट ओढलं, पण पोरीने सोडलं नाही. धनुष्यबाण बाजूला टाकला आणि दुसरी वाटी उलटी केली.

तिथेही पेढाच.

बर्फी ठेवलीच नव्हती. या वेळी परत सीमेपलीकडे जाऊन तपासून आले होते, मुलगाच आहे हे आधीच कळलेलं होतं, तरी चुकूनसुद्धा तिच्या हाताला मुलगी लागायला नको म्हणून सासूबाईंनी दोन्हीकडे पेढे ठेवले होते. पाळणा म्हणणारी थांबली. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. त्या खोलीत एकही बाई अशी नव्हती जिला अर्थ लागला नाही.

वर्षभर मी जे विचारत होते त्याचं उत्तर भाचीने मला दिलंच नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसरा पेढाही तिने उचलून सासूच्या तळहातावर ठेवला आणि साध्या आवाजात, रोज मीठ कुठे ठेवलंय विचारावं तसं विचारलं,

"आई, माझी बर्फी कुणी खाल्ली?"