पा क्वामेनांचं दार

पा क्वामेना एशून यांना घानाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात नावानं हाक मारणारे थोडेच. सगळे त्यांना ‘जागा नाही’ म्हणत. शाळा सुटली की पोरं त्यांच्या सुतारकामाच्या शेडवरून ओरडत जायची, “पा, जागा आहे का?” आतला रंधा थांबायचा आणि उत्तर यायचं, “नाही! जेवायला मात्र या!” नुसतं बोलायचे नाहीत, खरंच वाढायचे. शेडमधल्या बाकावर कायम कुणीतरी पथारी पसरलेली असायची. शेवटची गाडी चुकलेला मासेवाला, सासरी भांडून आलेली भाची, आणि एका पावसाळ्यात तर टोगोचा एक घड्याळजी, जो जायचं नावच घेईना.

हे नाव त्यांना नाताळच्या नाटकानं दिलं. चर्चच्या हॉलमधल्या त्या नाटकाला आम्ही कँटाटा म्हणतो. माझ्या आजीच्या काळापासून तेच नाटक, तेच संवाद, आणि मेंढ्या म्हणून त्याच चुकार बकऱ्या. पा क्वामेना त्यात बेथलेहेमच्या सराईचे मालक. मरीया आणि योसेफ रात्रीपुरती जागा मागत दारात येतात, हे म्हणतात, “जागा नाही,” आणि दार लावतात. भूमिका एवढीच, पण ती त्यांनी जन्मभर केली.

आमच्याकडे प्रवचन असो की नाटक, ऐकता ऐकता एखाद्या बाईला राहवलं नाही की ती उठते आणि आपल्या फान्ते भाषेत गाणं उचलते. बाकीचे ते झेलतात. गाणं संपेपर्यंत पाळकानंसुद्धा तोंड मिटून उभं राहायचं. पा क्वामेना पहिल्यांदा सराईवाले झाले, त्या वर्षी पलीकडच्या खेड्यातली एकुवा नावाची मुलगी मावशीकडे सणाला आली होती. गरोदर मरीयेला हा आडदांड तरुण दारातून हाकलतोय हे पाहून तिचं डोकं फिरलं. नाटक खोटं आहे हे तिला कळत होतं, पण राग खरा होता. ती उठली आणि तिनं गाणं उचललं. सगळा हॉल तिच्यामागून गायला लागला. पा क्वामेना दाराच्या पडद्याला हात लावून आ वासून उभे.

नाटकानंतर भात आणि कोंबडीचं ताट घेऊन ती थेट त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. “काय रे, तू खराखुरा असाच आहेस का?”

त्यांनी काय उत्तर दिलं ते कुणालाच आठवत नाही. मला विचाराल तर त्यांचा पुढचा सगळा संसार हे त्याचंच उत्तर होतं.

पुढच्या नाताळापर्यंत लग्न झालं. त्यानंतर दर वर्षी आंटी एकुवा पंख्याखालची जागा धरून बसायच्या आणि शेजारणीला सांगायच्या, “या वर्षी मी उठणार नाही बाई, गुडघे दुखतात.” आणि नवऱ्याच्या तोंडून ते दोन शब्द पडले की पहिल्या उठायच्या. गाणं दर वर्षी वेगळं. घरून एका ताटात जेवून आलेली बायको गावादेखत नवऱ्याला गाऊन झापतेय, हे बघायला शेजारच्या गावाहूनही माणसं यायची. गाणं पुरं झालं की मगच पा क्वामेना दार लावायचे.

आंटी एकुवा ईस्टरच्या आठवड्यात गेल्या. त्याच वर्षी हॉलचं छप्पर उतरवलं आणि नाटक उघड्यावर पडलं. नाटक बसवते मी, म्हणून गावच्या रेडिओ केंद्रावरचा जोजो माझ्याकडे आला. माझाच जुना विद्यार्थी, वर्गात सगळ्यात जास्त बोलणारा, म्हणून रेडिओत गेला. म्हणाला, “टीचर, नाटक रेडिओवर करू. चोवीस तारखेला दुपारी, थेट. अर्धा तास तुमचा.”

मी हौसेनं हो म्हटलं आणि कागद घेऊन बसले, तेव्हा कळलं की आमचं नाटक लोक ऐकत नव्हते, बघत होते. तारा म्हणजे दोरीवरून सरकणारी बॅटरी, ती ऐकवायची कशी? हेरोद राजा नुसते डोळे वटारायचा आणि पोरं आयांच्या मांडीत शिरायची. त्याला मी एक खोकला दिला. देवदूताला गायला लावलं, पण तालमीत त्याच्यापेक्षा त्याची शिडीच मोठ्यानं गात होती.

दाराचा आवाज जोजोकडे कॉम्प्युटरवर तयार होता. धप्प, मऊ. पा क्वामेनांनी तो ऐकला आणि हसले. “हे बँकेचं दार आहे, पोरा. बेथलेहेमात बँक होती का?” दुसऱ्या दिवशी ते टॅक्सीच्या टपावर खरं दार बांधून आले, चौकटीसकट.

जोजोनं ते उघडून पाहिलं. बिजागऱ्या अशा करकरल्या की त्यानं कानावरचे हेडफोन काढले आणि तेलाची बाटली आणली. पा क्वामेना आडवे आले.

“खबरदार. माझ्या निजायच्या खोलीचं दार आहे हे. हे करकरलं की ती आतून विचारायची, ‘आलास?’ मी म्हणायचो, ‘आलो गं.’ मग ती झोपायची. सुताराच्या घरात हे असलं दार म्हणून लोक हसायचे, पण तिनं कधी तेल घालू दिलं नाही.”

बाटली निमूट परत गेली.

घोडं अडलं ते तालमीत. पा क्वामेना म्हणाले, “जागा नाही.” आणि थांबले. हात कडीवर.

“पा, दार लावा,” जोजो म्हणाला.

“गाणं कुठं झालंय?”

जोजोनं भजनमंडळातली चांगल्या गळ्याची एक बाई आणून माइकपाशी उभी केली. त्यानं बोट दाखवलं की तिनं सुरू करायचं. सुरेल गायली बिचारी. पा क्वामेनांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बोट दाखवल्यावर उठतं ते गाणं नव्हे. ती हजेरी झाली.” दार उघडंच राहिलं.

जोजोनं मला जिन्यात गाठलं. “टीचर, रेडिओवर कुणी गप्प बसलं की लोकांना वाटतं केंद्र बंद पडलं. लगेच दुसरीकडे जातात. यांच्याऐवजी पोलीस चौकीतल्या सार्जंट बोआतेंना घेऊ. दार तर लावतील!”

त्या संध्याकाळी मी पा क्वामेनांच्या घरी गेले. खोलीला दार नव्हतं, आंटी एकुवांचं एक निळं लुगडं लावलं होतं.

“मी हट्ट करतोय असं वाटतं ना तुला?” ते म्हणाले. “हात पुढं जातच नाही, टीचर. इतकी वर्षं तिनं मला मध्येच अडवलं, म्हणून मला दार लावता आलं. कुणीच न अडवता लावलं, तर मी खराखुरा तसाच ठरेन ना?”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. म्हटलं, “भूमिका तुमची आहे. दार लागलं तर लागलं, नाही लागलं तर नाटक तिथंच संपलं.” जोजोला मी हे कळवलं. तो माझा विद्यार्थी असल्यामुळे त्याच्या मताचा प्रश्न नव्हता.

चोवीस तारखेला ऐन वेळी वीज गेली. जनरेटर प्रक्षेपणापुरताच, त्यामुळे खोलीतलं थंड हवेचं यंत्र बंद. घामानं आमचे कागद हाताला चिकटायला लागले, तेव्हा जोजोनं चरफडत खिडक्या उघडल्या. “घ्या, आता येशूच्या जन्माला गावातले सगळे कोंबडे हजर!” खाली रस्त्यावर बॅटरीवरचे रेडिओ घेऊन माणसं सावलीत बसली होती. आमचंच बोलणं खालून परत वर ऐकू येत होतं.

हेरोद खोकला, बकरी ओरडली, सगळं सुरळीत झालं. मग योसेफानं दार ठोठावलं. दार करकरत उघडलं.

“जागा नाही,” पा क्वामेना म्हणाले.

आणि थांबले. हात कडीवर. खाली सगळे रेडिओ गप्प. जोजोचा हात बटणाकडे गेला. मी त्याचं मनगट धरलं.

तेवढ्यात जिन्याखालून एक फाटका आवाज उठला. पानात बांधलेली, मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी विकणारी मामी एफुवा तिथं बसते. तिला सूर कधीच सापडलेला नाही. पण तिनं गाणं उचललं, अगदी रागानं. न्हाव्याच्या दुकानातून ते झेललं गेलं. मग गाडीतळावरून, मग विहिरीकडच्या घरांतून, मग पार कोळ्यांच्या होड्यांपासून. कुणी कुणाला बोट दाखवलं नव्हतं. सगळं गाव आपापल्या अंगणातून पा क्वामेनांना झापत होतं, आणि ते डोळे मिटून ऐकत होते.

गाणं संपलं. पा क्वामेनांनी दार लावलं. ते सावकाश करकरत गेलं, कडी पडली. तिथं मरीयेचं वाक्य होतं. त्याच्या आधी, दाराच्या पलीकडून, त्यांचा आवाज आला.

“आलो गं.”

जोजोनं माझ्याकडे पाहिलं आणि ओठांनीच विचारलं, हे लिहिलंय? मी मान हलवली, हो. खाली कुणीतरी मोठ्यानं नाक शिंकरलं. मरीयेला तिचं वाक्य म्हणायला वेळच लागला.

पुढच्या वर्षी हॉलला छप्पर आलं आणि नाटक परत रंगमंचावर गेलं, पण पडदा गेला आणि तेच दार आलं. आता पा क्वामेनाही नाहीत. सराईवाला झालाय सार्जंट बोआतेंचा मुलगा. अजून लग्नसुद्धा झालेलं नाही त्याचं. तरी गाणं संपलं की तो दार लावतो आणि आतून म्हणतो, “आलो गं.” पोरांना वाटतं, हे बायबलातच आहे. मी त्यांना शिकवते, पण हे काही सुधारत नाही.