बिनधुराचे निखारे

आईच्या बॅगेतून शेगडी निघाली. लोखंडी, तीन पायांची, दोन लुगड्यांच्या मध्ये जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी भरल्या दिवसांचं पोट सांभाळत पलंगावर बसले होते. विमानतळावर कुणीच कसं अडवलं नाही हिला, हा माझा पहिला प्रश्न. पापडांच्या पुडक्यावरून चौकशा करणारी माणसं ती, आणि शेगडी सोडली!

"हसतीस काय? हितं मिळंल का तुला असली?" आई म्हणाली.

"आई, हे कतार आहे. इथे लोक एसीशिवाय राहू शकत नाहीत."

"आन् थंडीत?"

इथे मात्र तिचं बरोबर होतं. कारण मुऐदरच्या आमच्या घरात जानेवारीत थंडी वाजते, चांगली वाजते. मालकाने एका मोठ्या व्हिलाचे तुकडे पाडून भाड्याने दिलेत. त्यातला तळमजल्यावरचा एक तुकडा आमचा. एक खोली, स्वयंपाकघर आणि मागे फरशीचं लहानसं अंगण. उन्हाळ्यात जी फरशी पायांना सुख देते, तिच्यावर जानेवारीत अनवाणी उभं राहवत नाही. एसीला फक्त गार हवा सोडता येते. धूळ आत येऊ नये म्हणून नवऱ्याने खिडकीच्या फटी तपकिरी चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. काम व्यवस्थित करायची सवयच आहे त्याला. तो दूर दुखानला नोकरीला. उजाडायच्या आत गाडी काढायचा, तो अंधार पडल्यावर परत.

मी विजेच्या हीटरचं सुचवून पाहिलं. आईने ते उडवूनच लावलं. "कोरडी ऊब ती. तिच्यात ओवा कुठं टाकायचा?"

एरवी मी वाद घातला असता. मला वाद घालायला आवडतं. नवरा म्हणतो, तू झोपेतही भांडतेस. पण बाळंतिणीच्या शेकाबद्दल आईशी वाद घालायचा नसतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. तो बारशाआधीच गेला, थंडीने. पाटणच्या वरच्या अंगाला आमचं गाव. पौषात तिथे हाडं गोठतात. आमच्या वाडीतली पहिली स्लॅबची खोली तेव्हा नुकतीच झाली होती. कौलारू माजघरापेक्षा तिथे ऊब टिकेल म्हणून आजीने आईला नव्या खोलीत निजवलं, दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि बाजेखाली शेगडी सरकवली. सकाळी दार उघडलं तेव्हा शेगडी विझलेली होती, आई झोपलेली होती आणि मूल गेलेलं होतं. "झोपल्यावानी दिसत हुता. गाल सुदिक गुलाबी," एवढंच आई कधीमधी सांगायची. पुढचं आजी सांगायची, मरेपर्यंत, आल्यागेल्यासमोर, आईच्या देखत. "एवढी कसली मेली ती झोप! शेगडी इझली, पोरगं गारठलं, तरी हिला जाग न्हाई."

तेव्हापासून आईची झोप गेली. घरात भांडं सरकलं तरी ती उठून बसते. आम्ही भावंडं तिला त्यावरून चिडवायचो. परीक्षेच्या दिवसांत तर गजर लावायचीही गरज नसायची.

तर शेगडी आली. आता तिला लाकूड हवं. हिवाळ्यात इथली माणसं वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात, त्यामुळे रस्त्याच्या कडेला लाकडांनी भरलेल्या पिकअप उभ्या असतात. सुट्टीच्या दिवशी नवरा आईला तिथे घेऊन गेला. तिने भाजी निवडावी तशी लाकडं निवडली, एकमेकांवर वाजवून बघितली, ओली परत केली. वर तंबूत नेतात तसली पत्र्याची चूलही घेऊन आले दोघं. जावयाची कॉलर ताठ. "आई म्हणाल्या, बाभळीसारखंच आहे, निखारा चांगला धरेल." मला हसू आवरेना. तेलाच्या देशात राहून आम्ही सरपण भरत होतो.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आलो आणि आईचं राज्य सुरू झालं.

तिची पद्धत काटेकोर होती. नवरा गेला की ती अंगणात चूल पेटवायची. लाकूड धडधडून जळू द्यायची, धूर पार संपू द्यायची. तोवर मला आणि बाळाला तेल लावून, कढत पाण्याने न्हाऊ घालून व्हायचं. मग ती चिमट्याने लालभडक निखारे निवडून शेगडीत भरायची. एखादं लाकूड जरा धुमसत असलं तर ते मागेच. "धूर हाय तवर आत न्यायाचं न्हाई. पोरीचं डोळं हायती," हा नियम. बाज नव्हती, म्हणून फरशीवर गादी, तिच्या शेजारी दोन विटा आणि विटांवर शेगडी. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं. मग दार बंद.

मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू? अंगात मुरणारी ऊब, ओव्याचा वास, कुशीत टोपडं घातलेलं गाठोडं. आईच्या हातात इतकी सुखात मी शाळेत जायला लागल्यापासून नव्हते.

शेजारच्या मोठ्या घरात मालकाची आई राहते. सत्तरीची असेल, पण चालणं माझ्यापेक्षा जोरात. मुलगी झाल्याचं कळल्यावर ती वाडगा घेऊन आली. म्हणाली, ह्याला 'हसू' म्हणतात, बाळंतिणीसाठी. आईने बोट लावून चाखलं आणि किंचाळली, "अगं, ही तर अळिवाची खीर!" खरंच अळीवच होते. त्या दिवसापासून दोघींचं मेतकूट जमलं. हिला अरबी येत नाही, तिला मराठी येत नाही, मोडकंतोडकं हिंदी दोघींचं सारखंच. तासभर बोलत बसायच्या.

मग माझं डोकं दुखायला लागलं. शेक संपला की कानशिलं ठणकायची, मळमळायचं. दुपारी अंगणात उन्हाला बसले की उतरायचं. आईच्या मते हा वारा होता. डोकं उघडं राहिलं, फरशीतून गारवा चढला. उपाय तिला पाठच होता. निखारे वाढले. बाथरूमच्या पंख्याच्या भोकातून वारा येतो म्हणून तिथे जुनं लुगडं कोंबलं. दाराखालच्या फटीला टॉवेलची गुंडाळी लागली. बाळ छान झोपायचं, दूध प्यायलाही उठवावं लागायचं. "बघ, शेक लागतूय," आई म्हणायची. मीही तेच म्हणायचे.

तो दिवस वाऱ्याचा होता. पत्रे वाजत होते, अंगणात वाळू उडत होती. आईने शेगडी काठोकाठ भरली, आम्हा दोघींना पांघरुणात गुंडाळलं आणि ती अंगणात बाळाचे कपडे धुवायला गेली. मला आठवतं ते एवढंच, की मला झोप येत होती. गोड, जड झोप. मध्येच वाटलं, बाळाला पाजायचंय. हात उचलायला गेले, तर हात उचलेना. त्याचं काही वाटलंही नाही. असू दे, जरा वेळाने, असं वाटलं. त्या "असू दे"ची मला आजही भीती वाटते.

मग दार धाडकन उघडलं.

मालकाची आई वाडगा घेऊन आली होती. तिने दारात एक क्षण शेगडी बघितली, मला बघितलं. वाडगा तिथेच पडला. "बर्रा! बर्रा!" ती ओरडली. बर्रा म्हणजे बाहेर. तिने माझ्या कुशीतून बाळ उचललं आणि उघड्यावर धावली. त्या वाऱ्यात, त्या गारठ्यात. ओढाताणीत टोपडं गळून पडलं होतं.

आणि माझी आई तिच्या अंगावर धावून गेली. दारातून मला सगळं दिसत होतं, पण गादीवरून हलता येत नव्हतं. साबणाच्या हातांनी आई त्या बाईचा बुरखा ओढत होती, बाळ हिसकावत होती. "अगं सोड! मरंल ती! थंडीनं मरंल माजी पोर!" तो आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. ती बाई एका हाताने बाळ छातीशी धरून दुसऱ्या हाताने आईला ढकलत होती. "अंदर मौत! अंदर मौत!" दोन म्हाताऱ्या, एवढंसं बाळ, आणि मी नुसती बघत होते.

मालकाच्या आईच्या ओरड्याने मालक धावत आला. त्याने मला ओढतच अंगणात आणलं, शेगडी लाथेने बाहेर उडवली, अँब्युलन्स बोलावली. बाळ रडत नव्हतं. मालकाची आई त्याच्या तळपायांवर टिचक्या मारत होती, तोंडावर फुंकर घालत होती. गाडीत घातल्यावर, प्राणवायूचा मास्क लागल्यावर केव्हातरी ते रडलं. बारीक, चिडकं रडणं. माझ्यासारखंच.

दवाखान्यात मलाही मास्क लावला. आई खुर्चीवर टोपडं मुठीत धरून बसली होती आणि रागाने धुमसत होती. "वारं लागलं पोरीस. त्या बाईनं उघडं नेलं, म्हनून झालं ह्ये." दुखानहून धापा टाकत आलेल्या जावयालाही तिने हेच सांगितलं.

मग डॉक्टर आले. हैदराबादचे होते, हिंदीत बोलत होते. बाळाला आता धोका नाही, पण दोघींना इथे ठेवू, म्हणाले. मग आईसमोर खुर्ची ओढून बसले. ते रागावले नाहीत. उलट, दर हिवाळ्यात तंबूंमधून अशी माणसं येतात म्हणाले. "अम्मा, अंगारे से गैस निकलती है. धुआँ नहीं, बू नहीं. कमरा बंद हो तो बाहर जा नहीं सकती. पहले सिर दुखता है, उल्टी होती है. फिर लगता है नींद आ रही है. वो नींद नहीं है, अम्मा. बेहोशी है. आदमी चाहे तो भी उठ नहीं सकता."

मी मास्कमधून आईकडे बघत होते. मला वाटलं, आता ती कोसळणार. आपल्या हाताने भरलेली शेगडी, आपणच कोंबलेलं लुगडं. मी मास्क काढून, तुझी चूक नाही आई, असं काहीतरी म्हणायच्या तयारीत होते. पण ती आमच्याकडे बघतच नव्हती. डॉक्टरांच्या तोंडाकडे टक लावून बसली होती.

"वो नींद नहीं?" तिने विचारलं.

"नहीं अम्मा."

"आदमी उठ नहीं सकता?"

"नहीं उठ सकता."

डॉक्टर गेले. आई बराच वेळ टोपड्याची नाडी बोटाला गुंडाळत राहिली. मग, माझ्याशी बोलतेय की स्वतःशी, कळणार नाही अशा आवाजात म्हणाली, "माझं बी डोस्कं धरलं हुतं. आदल्या दिशी वांती बी झाली हुती. सासू म्हनली, नाटकं हायती."

मला तिच्या बोलण्याचा अर्थ हळूहळू लागला. नवी स्लॅबची खोली. लावून घेतलेल्या खिडक्या. थंडीने गेलेल्या मुलाचे गुलाबी गाल. सगळं आयुष्यभर माझ्या कानांवर पडत आलं होतं.

"म्हंजी मी झोपले न्हवते," आई म्हणाली.

"नाही आई. तू झोपली नव्हतीस."

तिने मान हलवली. पुन्हा एकदा हलवली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. सुटल्यासारखं काहीतरी होतं, आणि त्याच्या तळाशी नुसतं भेदरलेपण होतं. मग तिने माझ्याकडे बघितलं. विचारलं ते अगदी खरंच उत्तर हवं असल्यासारखं.

"आन् आता सांगू कुनाला गं? सगळी मेली की."