पत्र्यावरचे चार फोड

आमचे सासरे संशयी आहेत हे मला लग्नाच्या दिवशीच कळायला हवं होतं. त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "घरून निघताना गॅस बंद केला होता ना?" गॅस माझ्या माहेरचा, काळजी यांना. तेव्हा मला ती माया वाटली.

बाबा, म्हणजे हे सासरे, आणि मी एकाच कारखान्यात. तांब्याचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा एकावर एक ठेवून जाड रोलांमधून दाबून काढला, की दोन्हींचा मिळून एक पत्रा होतो. ना गोंद, ना खिळा. त्याआधी दोन्हींच्या आतल्या बाजू तारेच्या ब्रशने खरवडायच्या, ते काम बाबांचं. खरवडलेल्या जागी उघडं बोट लागलं तर त्याच्या तेलकटपणाने जोड धरत नाही आणि भट्टीत गेल्यावर नेमका तिथेच फोड येतो. भट्टीतून आलेले पत्रे तपासायला मी.

तर पत्र्यांवर फोड यायला लागले. डाव्या कडेला, एका ओळीत चार. साहेबांनी खापर बाबांवर फोडलं. हे थांबलं नाही तर ब्रशवर दुसरा माणूस येईल, असं सरळ सांगितलं.

मग काय, बाबांना जिकडेतिकडे पाणी मुरताना दिसू लागलं. शेजारचा गडी केसांना फार तेल लावतो. चहावाला मुद्दाम इकडून जातो. घरी तर जेवायला बसण्याआधी त्यांनी माझे हात हुंगले.

"क्रीम लावतेस?"

"लावते. पण मी भट्टीच्या पलीकडे असते."

"असतेस खरी," ते म्हणाले, पण पटलेलं नव्हतं. मला इतका राग आला की त्यांना वाढायचं काम नवऱ्यावर टाकून मी उठले.

एकट्या मामांवर त्यांचा संशय नव्हता. मामा म्हणजे सासूबाईंचे भाऊ. रोलमध्ये पत्रे सोडायचं काम त्यांचं. बाबांना या कारखान्यात लावलं तेही त्यांनीच, आणि माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात.

त्या दुपारी फोड आलेला आणखी एक पत्रा दाखवायला मी बाबांकडे गेले, तर ते ब्रश सोडून गठ्ठ्यांच्या आडून रोलकडे बघत होते. मामांनी हातमोजा काढला. कडा जुळल्यात का, ते दोन पत्र्यांमध्ये चार बोटं सरकवून चाचपलं, आणि तसाच उघडा हात फिरत्या रोलपर्यंत नेला. बाबा ताडताड जाऊन त्यांच्या अगदी समोर उभे राहिले.

"कोण आहे?" मामांनी विचारलं.

बाबांनी लाल बटण दाबून रोल थांबवले.

"कधीपासून दिसत नाही?"

"दिसतं. कडा तेवढ्या दिसत नाहीत." मामांचा आवाज खाली आला. "कुठे बोलू नकोस. घरी बसवतील मला."

"आणि बोटं आत गेली तर?"

"नाही जात. सवय आहे." मामा चिडले. "तुझा तर जगात कुणावर विश्वासच नाही."

"तुझ्यावर होता," बाबा म्हणाले. "म्हणून तर इतके दिवस लागले."

मी पत्रा धरून तशीच उभी होते. या माणसाने आयुष्यात एकदा तरी कानाडोळा करावा, असं मला फार वाटलं. त्यांनी केला नाही.

"साहेबांना तूच सांग," ते म्हणाले. "मी बरोबर येतो."

मामा बराच वेळ हातमोजा घालत राहिले. मग तो काढून ठेवला आणि त्यांनी हात पुढे केला.

"धर मला. केबिनची पायरी दिसत नाही."