खुरातली माती

लेकीच्या बारावीचा निकाल लागल्यापासून माझ्या पर्समध्ये इंजिनिअरिंगचा फॉर्म घडी घालून पडून आहे. मुक्ताची सही तेवढी व्हायची आहे. तिला घोड्यांचं शिकायचंय. त्याचाही कोर्स असतो म्हणे. काल तिला आणायला रायडिंग स्कूलच्या तबेल्यात गेले, तर ती एका तांबड्या घोडीच्या खुरातली माती काढत होती. जेवलेलं ताट उचलायला तीन हाका लागणारी माझी लेक लिदीच्या वासात ओणवी होऊन ते जड पाऊल मांडीवर पेलत होती.

"एवढा जड पाय उचलून देते कशी ही?" मी विचारलं.

घोड्यांची देखभाल करणारे हणमंतमामा म्हणाले, "ओढायचा नाही, ताई. ओढला की ती सगळं वजन त्याच पायावर टाकते. पायावरून हात खाली न्यायचा आणि थांबायचं. ती आपणहून उचलते."

आमच्या घरात महिनाभर काय चाललंय ते यांना कुणी सांगितलं, असं क्षणभर मला वाटलं. आपण आपल्या माणसांनाच जास्त ओढतो. परक्यांना ओढावंसं वाटेल कशाला?

परतताना रिक्षात मुक्ताच्या बाहीला घोडीचा वास येत होता. मी फॉर्मचा विषय काढणार हे धरून ती आधीच अंग चोरून बसली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि थांबले.