चालता चालता बोलणं

"काकू, आज सकाळी काय खाल्लं?" फिजिओथेरपीवाल्या मुलीनं विचारलं आणि मी जागच्या जागी थांबले.

"उपमा," मी म्हणाले. मग पुन्हा चालायला लागले.

"झोप लागली का बरी?"

मी पुन्हा थांबले. "लागली."

वाशीमच्या दवाखान्यातला तो लांब बोळ होता. नुकताच मला लकवा मारून गेला होता. वेळेवर पोचले म्हणून थोडक्यात निभावलं. तोंड सरळ राहिलं, जीभ चालत होती, फक्त डावा हात आणि डावा पाय उसने आणल्यासारखे झाले होते. कठड्याला धरून मी बऱ्यापैकी चालत होते आणि मनातून खूशही होते. ती मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, बोलायला लागलं की तुमचे पाय थांबून राह्यले. तुमच्या ध्यानात आलं का?"

आलं नव्हतं. आणि कळल्यावर मला रडू नाही, राग आला.

कारण मी एसटीत कंडक्टर. वीसेक वर्षं वाशीम-रिसोड-केनवडच्या बाजूला गाडीत उभी राहून काढलेली. खड्ड्यांवर उडणाऱ्या गाडीत कंबर सीटला टेकवायची, एका हातानं मशीनवर तिकीट काढायचं, दुसऱ्या हातानं सुटे द्यायचे, मागच्या दारातून कोण चढलं ते डोळ्यांनी टिपायचं, पुढच्या बाईला "लेकराले मांडीवर घ्या वं" सांगायचं आणि थांबा आला की दोरी ओढायची. हे सगळं एकाच दमात. आणि आता मला चालताना उपमा म्हणता येत नव्हतं.

"असं काहून होते?" मी विचारलं. अर्थात उभं राहूनच.

"पह्यले पाय आपोआप चालत होते. आता प्रत्येक पाऊल डोक्याले टाकावं लागते. डोकं तिकडं गुंतलं की बोलायला जागाच उरत नाई."

"मग पायाले पुन्हा शिकवा."

ती हसली. "शिकवता येते. पन किती परत येईल ते मी आज सांगू शकत नाई."

हे तिचं बोलणं प्रामाणिक होतं, म्हणून मला ती आवडली. बाकीच्यांना मात्र सगळं आधीच ठाऊक होतं. पुण्याहून आलेला मुलगा म्हणाला, "आई, आता बस झालं. घरी राहा." नणंद म्हणाली, "वहिनी, देवानं वाचवलं, त्याची परीक्षा काहून पाहता?" डेपोतले साहेब भेटायला आले, त्यांनी तर मायेनंच सांगितलं, "बाई, ऑफिसात टेबलावर बसा. आम्ही सोय करतो." टेबल वाईट नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी तिथे मान वर करून काम करतात. पण मी ते मागितलं नव्हतं. माझ्या डोक्यात आता एकाच कामापुरती जागा आहे, हे सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. मला विचारलंच नव्हतं.

शिवाय त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. सुरुवातीला मला यातलं काहीच येत नव्हतं. नोकरीला लागले तेव्हा तिकीट फाडायला घेतलं की तोल जायचा आणि तोल सांभाळला की कोणी काय मागितलं ते विसरायचे. एकदा तर वळणावर एका पाटलीणबाईंच्या मांडीवर जाऊन बसले होते. अख्खी गाडी हसली. म्हणजे हे काही मी जन्मताना घेऊन आले नव्हते. एकदा शिकले होते. दुसऱ्यांदा शिकायला कोणाची परवानगी लागते?

आमचा मळा वाशीमच्या वेशीला लागून. मेथी, पालक, वांगी. माझे यजमान भाजी काढतात आणि बाजारात नेतात. वाफ्यांमधला बांध म्हणजे पाऊलभर रुंद. मी म्हटलं, बसमधला बोळ यापेक्षा मोठा नसतो. मी इथंच चालणार.

आधी नुसतं चालणं. त्या मुलीनं बजावलं होतं, पाय सरावल्याशिवाय डोक्यावर दुसरं ओझं टाकायचं नाही. रोज सकाळी मी तोंड बंद ठेवून बांधावरून जायची आणि यायची. यजमान मागून यायचे, मी पडले तर धरायला. मी त्यांना ओरडले, "अवो, तुमी मागं आले की माह्यं ध्यान तुमच्याकडं जाते. मेथी खुडा ना!" ते मेथी खुडायला बसले, पण नजर माझ्यावरच.

मग थांब्यांची नावं मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या नावालाच पाय अडला. तिसऱ्याला मी पालकात पडले. यजमान धावले.

"उचलू नका मले!"

"अवं, पन लागलं का?"

"लागलं. उचलू नका."

स्वतःची स्वतः उठायला बराच वेळ गेला. ते विळा हातात धरून उभे राहिले, रागावलेले, घाबरलेले. "कायले हा जीवाचा आटापिटा?" ते म्हणाले. मी पुन्हा बांधावर पाय टाकला होता. उत्तर दिलं असतं तर पुन्हा पडले असते.

काही आठवड्यांनी त्यांचा विरोध मावळला, की ते कंटाळले, कोण जाणे. एका सकाळी तेच वाफ्यातून ओरडले, "कंडक्टरबाई, एक आसेगाव द्या!"

"ही गाडी आसेगावले जात नाई," मी म्हणाले आणि थांबले. पण हसू आलं. तेव्हापासून ते रोज प्रवासी झाले. कधी भांडखोर म्हातारा, कधी पिशवीत कोंबडी लपवलेला माणूस. मी चालत राहायचं आणि उत्तर द्यायचं. बहुतेकदा थांबायचे. कधीकधी नाही.

मग एक दिवस शेजारच्याची शेळी पालकात शिरली. मी बांधावर होते. शेळीला, शेजाऱ्याला, त्याच्या मोडक्या कुंपणाला मी तोंडभरून शिव्या देत निघाले ते बांधाच्या टोकाला पोचूनच थांबले. यजमान टाळ्या वाजवत होते. "अवं, पाह्य! बोलत बोलत गेली ना तू!"

मागं वळून पाहिलं तेव्हा कळलं. पायांकडे माझं लक्षच नव्हतं. ते आपले आपण गेले होते.

मला वाटलं, जिंकले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम करायला गेले तर पुन्हा खांबासारखी उभी. त्या दिवशी मात्र मी रडले, वांग्याच्या वाफ्यात बसून. फिजिओथेरपीवाल्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "असंच राह्यते काकू. एक दिवस येते, चार दिवस जाते. तुमी सोडू नका." सोडायचा प्रश्नच नव्हता. मी डोळे पुसले आणि पुन्हा बांधावर चढले.

नंतर ते हळूहळू जास्त दिवस यायला लागलं आणि कमी दिवस जायला. डावा हातही सुटे मोजण्याइतका चालायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी तपासून कामाला परवानगी दिली. साहेबांनी एकदा पुन्हा टेबलाबद्दल विचारलं. मी म्हटलं, "साहेब, एक फेरी करून पाहते. जमलं नाही तर मी स्वतः येऊन सांगेन."

पहिल्या दिवशी गाडीला बाजाराची गर्दी. मी कंबर सीटला टेकवली, तिकीट काढलं, पुढं सरकले. एका बाईचं पोर रडत होतं, कोणी खिडकीवरून भांडत होतं, मशीनचा कागद अडकला. डोकं भरून आलं. पाय थबकले. एक तरुण वैतागला, "बाई, लवकर करा ना, उतरायचं आहे!"

मी श्वास घेतला. आधी कागद काढला. मग त्याच्याकडे वळले. "तुमची घाई मले समजते. पन हे पाय माह्ये आहेत, ते माह्या हिशेबानं चालतील. सांगा, कुठलं तिकीट?"

गाडीत कोणी हसलं नाही. त्यानं गाव सांगितलं. मी तिकीट हातात दिलं आणि त्याला सुटे देता देता पुढच्या सीटकडे निघाले, मागच्या म्हातारीला "आजी, दांड्याले धरा" म्हणत. तीन कामं. नणंदेच्या भाषेत देवाची परीक्षा.

सगळं परत आलेलं नाही, हे मी लपवत नाही. फोन वाजत असताना मला आजही तिकिटाचं काम जमत नाही, म्हणून गाडीत फोन बंद असतो. सणासुदीच्या गर्दीत डोकं तुंबलं की मी सरळ दोरी ओढते आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभी करायला लावते. आधी तिकिटं होतात, मग डबल बेल. काही प्रवासी कुरकुरतात. कुरकुरू देत. ड्रायव्हर आता इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतो. मी किती वेळ घेईन ते त्याला कळायला लागलंय.

मुलगा अजून दर महिन्याला विचारतो, "आई, किती दिवस करणार?"

"गाडी सुटायची वेळ झाली, फेरी संपली की फोन करते," मी सांगते.