हैदराबादची रिकामी जागा

दुष्काळ सरला आणि त्याच्या पुढच्याच वर्षी आमच्या मालकांच्या घरात वाटण्या झाल्या. थोरल्या भावानं सुताचं दुकान घेतलं, धाकट्यानं जागा घेतली, आणि माग कुणालाच नको होते. मी त्या चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचो. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवत मोर, वेल, कमळं उभी करायची, मग त्यावरून पुठ्ठे टोचले जायचे आणि ते मागावर चढायचे. कारखाना दिवाळीपर्यंत चालेल, पुढं ज्यानं त्यानं आपलं बघावं, असं मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं.

माझ्या आधी तिथं नक्षीला असलेले मास्तर मुंबईच्या एका गिरणीत गेले होते. त्यांनी निरोप पाठवला की त्यांच्या खात्यात एक माणूस हवाय, यायचं तर ये. मुंबईत माझं कुणीच नव्हतं. मोडनिंबचे मामा म्हणायचे, "मुंबईत नोकरी मिळती, पण पाठ टेकायला जागा मिळत न्हाय." अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, मुंबई हे नावच आवडत नव्हतं. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो.

तेवढ्यात हैदराबादचं निघालं. ते ज्या रीतीनं निघालं ते मला तेव्हाही विचित्र वाटलं होतं.

एका दुपारी माग जेवणासाठी थांबले होते. तेवढा अर्धा तास कारखान्यात अशी शांतता असायची की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. मी खिडकीपाशी कागदावर वाकलो होतो. चादरी बघायला आलेला एक हैदराबादचा व्यापारी मुनीमजींबरोबर आत आला, मला बघून दारातच थांबला आणि तेलुगूत म्हणाला, "तू इथं आहेस?"

आम्ही पद्मशाली विणकरांच्या पेठेत राहायचो. घरात कन्नड, शाळेत मराठी आणि गल्लीत तेलुगू, असं माझं लहानपण गेलं. त्यामुळं त्याचं बोलणं मला कळलं. मला वाटलं, माझ्या मागं कुणी असेल. मागं नुसती भिंत होती.

"घरी कधी जाणार आहेस? म्हातारा बाप रोज ओट्यावर बसून वाट बघतो. बायको कशी झालीय ते एकदा येऊन बघ तरी."

"तुमची काहीतरी चूक होतेय," मी म्हणालो.

"नाटक करू नकोस."

मुनीमजींनी त्यांना समजावलं. हा इथलाच, जन्मापासून सोलापूरचा, ह्याच्या वडलांनाही मी ओळखत होतो, असं सगळं सांगितलं. व्यापारी ओशाळले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि माझं काम बघत बसले. मी कमळाची पाकळी रंगवत होतो. थोड्या वेळानं ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "हातही तसाच चालतो." मी हसलो तर म्हणाले, "हसूही नका हो. तेही तसंच आहे."

त्यांच्या गावचा एक माणूस घरात काही न सांगता निघून गेला होता. भांडण नाही, तंटा नाही. सकाळी अंघोळ केली, कपडे केले आणि गेला. इतकंच त्यांनी सांगितलं. मी नोकरी शोधतोय हे त्यांना मुनीमजींकडून कळलं, आणि महिन्याभरानं ते पुन्हा आले ते निरोप घेऊनच. ज्या विणकर सोसायटीशी त्यांचा व्यवहार होता तिथं नक्षीकाराची जागा रिकामी होती. पगार मुंबईइतकाच, वर राहायला खोली.

मी जवळजवळ ठरवूनच टाकलं. भाषा येत होती, खोली मिळत होती, सणासुदीला घरी यायला गाडी सोपी. अव्वालाही पटलं. "तितं आपल्यासारखी माणसं हायत," ती म्हणाली. दिसण्यातल्या त्या सारखेपणाची गोष्ट मी तिला गंमत म्हणून सांगितली. ती हसली नाही. तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

पुढच्या आठवड्यात, भर उन्हात, आमच्या दारात टांगा थांबला.

एक म्हातारा उतरला, काठी टेकत. त्याच्यामागून एक बाई उतरली, तिशीच्या आतली, सुती साडी, डोक्यावर पदर. ओठ वाळलेले होते. म्हाताऱ्यानं मला दारात बघितलं आणि काठी तिथंच सोडून दिली. माझे दोन्ही दंड धरून तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. त्याच्या हातांना सुताचा आणि खळीचा वास होता. त्यानं मला एका नावानं हाक मारली. ते नाव माझं नव्हतं, तरी मी "ओ" म्हणता म्हणता थांबलो.

मी दोघांना आत घेतलं. अव्वानं चटई टाकली, तांब्या दिला. बाई भिंतीशी बसली. ती माझ्याकडं बघत नव्हती, घराकडं बघत होती. कोनाड्यातला देव, खुंटीवरचा माझा सदरा, दाराशी काढलेल्या माझ्या चपला. चपलांकडं ती बराच वेळ बघत होती.

"व्यापारी म्हणाले, तू आमच्या सोसायटीत येणार आहेस," म्हातारा म्हणाला. "ये. तुझी खुर्ची कुणाला दिली नाही त्यांनी. तुझे रंगसुद्धा तिथंच आहेत."

तेव्हा मला समजलं. मला जी जागा देऊ केली होती ती त्या निघून गेलेल्या माणसाचीच होती.

मी समजावून सांगू लागलो, की मी तो नव्हे, हे माझं घर, ही माझी आई. म्हातारा मान हलवत राहिला, लहान मुलाची थाप ऐकावी तसा. मग तो घराबद्दल बोलायला लागला. ओटा नीट केलाय, विहिरीला आता पाणी आलंय. "अंगणातलं झाड तर..."

"पेरूचं," मी म्हणालो.

का म्हणालो ते मला सांगता येणार नाही. विणकरांच्या अंगणात पेरूचं झाड असतंच, आमच्या गल्लीतही दोन होती. पण तोंडातून शब्द गेला, आणि त्या बाईनं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं बघितलं. अव्वानंही बघितलं. बाहेर टांग्याचा घोडा नाक फुरफुरवत होता, एवढाच आवाज.

"डावा हात दाखव," म्हातारा म्हणाला.

माझ्या डाव्या हाताला कोपराखाली भाजल्याचा डाग आहे. लहानपणी उकळती आंबील सांडली होती. अव्वानं ती गोष्ट हजारदा सांगितलेली. मी बाही वर करायला नको होती, पण म्हातारा स्वतःच ती वर सारत होता आणि मी हात सोडून दिला होता. डाग दिसला तसा तो रडायला लागला. आवाज न करता, नुसता गदगदत.

"आंबील सांडली हुती," अव्वा मराठीत म्हणाली. "माज्या हातनं. ह्याच चुलीवर." मग तेच तिनं मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

बाई उठली. माझ्यासमोर येऊन बसली आणि डागाकडं वाकून बघितलं. हात लावला नाही. मग माझ्या डोळ्यांत बघितलं. इतक्या जवळून आजवर मला कुणी तसं बघितलं नव्हतं. त्या बघण्यात आशा नव्हती, रागही नव्हता. आपलीच हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी आणि ती मागावी की नाही याचा विचार करावा, तसं ते बघणं होतं.

"कादू," ती म्हणाली. नाही. हा तो नव्हे.

म्हातारा तिच्यावर ओरडला. ती शांतपणे तेच पुन्हा म्हणाली. "मामा, बायकोला कळत नाही का? कादू." तेलुगूत सासऱ्यालाही मामाच म्हणतात. मग त्यानं हळूहळू माझा हात सोडला.

निघताना अव्वा हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आली. तिचं स्वतःचं कुंकू गेलं होतं, तरी आमच्या घरून बाई कुंकवाशिवाय जात नसे. कोयरी पुढं झाल्यावर ती बाई गडबडली. तिच्या कपाळावर कुंकू होतं, पण पुसट, लावावं की नाही अशा विचारानं लावल्यासारखं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि कपाळ पुढं केलं.

मी म्हाताऱ्याला टांग्यात बसवलं. ती मागं राहिली होती. मला म्हणाली, "तुम्ही हैदराबादला येऊ नका."

"का?"

"आज मी नाही म्हणाले. रोज समोर दिसलात तर रोज नाही म्हणायला मला जमणार नाही."

टांगा स्टेशनच्या रस्त्याला लागेपर्यंत मी उन्हात उभा होतो.

घरात आलो तर अव्वा चटई गुंडाळत होती. मी तिला सरळ विचारलं, "माझ्याबरोबर आणखी कुणी जन्मलं होतं का?"

"येडा हाइस का? एकलाच हुतास. सुईण जिती हाय अजून, जाऊन इचार."

मी खरंच गेलो. सुईण तळ्याच्या अलीकडं राहायची, नजर गेलेली. तिनं माझा चेहरा चाचपला आणि म्हणाली, "एकच. पन रडायला लई उशीर केलास." याचा अर्थ काहीच नव्हता. कितीतरी मुलं उशिरा रडतात. तरी त्या दिवसांत दाढी करताना मी आरशात पूर्ण बघायचं टाळायचो, गालापुरताच आरसा धरायचो. कागदावर वेल काढायला घेतली की हात आपोआप पुढं जायचा आणि मी तो थांबवायचो. हा हात कुणाचा, असं वाटायचं.

मुनीमजी म्हणाले, "अरे, बाई नाही म्हणाली ना? मग झालं तर. खोलीवाली नोकरी सोडू नकोस." त्यांचं खरं होतं. मला त्यांना सांगता येईना की ती नाही म्हणाली म्हणूनच मला भीती वाटत होती. ती मला ओळखत नसती तर तिनं मला येऊ नका असं कशाला सांगितलं असतं? हैदराबादला माझी खुर्ची होती, रंग होते, अंगण होतं, वाट बघणारं माणूस होतं. मी नुसतं जाऊन बसायचं होतं. काही दिवसांनी कुणी मला माझ्या नावानं हाक मारली असती तर मीच वळून बघितलं नसतं, असं मला वाटायला लागलं. आणि कधीकधी, खरं सांगतो, दुपारी माग थांबले की तिकडं जावं असंही वाटायचं.

मी मुंबईला होकार कळवला.

मुंबईत पहिलं वर्ष एका खोलीत पाचजणांबरोबर काढलं. गिरणीत, रस्त्यात, खानावळीत कुणी माझ्या तोंडाकडं दुसऱ्यांदा बघत नव्हतं. लोक याच गोष्टीला कंटाळतात. मला मात्र औषध मिळाल्यासारखं झालं.

पहिल्या दिवाळीला घरी आलो. जेवताना आमटीला वेगळीच चव लागली, चिंचेची आणि कसल्यातरी भाजक्या पुडीची. मी अव्वाला विचारलं.

"तिनं शिकवली," अव्वा म्हणाली. "ती हैदराबादची. येऊन गेली की."

ती एकटीच आली होती. म्हातारा आजारी होता. दुपारभर बसली, अव्वाबरोबर जेवली, भांडी घासू लागली. माझ्याबद्दल काही विचारलं नाही. फक्त मी लहानपणी काय आवडीनं खायचो ते विचारलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. अव्वानं हे अशा सुरात सांगितलं की जणू शेजारची येऊन गेली.

"तू तिला येऊ कशाला दिलंस?"

"दारात आलेल्या बाईला काय म्हनू? लई गुनाची हाय."

पुढच्या वर्षी, संक्रांतीत सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरते त्या सुमारास, ती पुन्हा आली, त्याच्या पुढच्या वर्षीही. नेमकी मी नसताना. एकदा मी रजेवर आलो होतो. शेजारीण दारातून डोकावून म्हणाली, "परवा तुमच्याकडं कोन पावनी आलती?" अव्वा भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "सून आलती."

शेजारीण हसली, तिला चेष्टा वाटली. अव्वाचा हात परातीत थांबला. आपण काय बोललो ते तिलाही तेव्हाच ऐकू आलं असावं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. त्याच रजेत मी मामांना सांगून माझ्यासाठी मुली बघायला लावल्या.

लग्न अक्कलकोटकडच्या मुलीशी झालं. लग्नाच्या आदल्या दिवशी हैदराबादची ती आली. मांडवात नाही, मागच्या दारानं. मी तेव्हा हळद लागून आतल्या खोलीत बसलो होतो. कुणी म्हणालं, हैदराबादची बाई आलीय, पण मी उठलो नाही. तिनं अव्वाच्या हातात एक हिरवी साडी ठेवली, नव्या नवरीसाठी. पाणीसुद्धा न पिता गेली. त्यानंतर ती कधी आली नाही.

ती साडी माझ्या बायकोनं पहिल्या संक्रांतीला नेसली. रंग तिला शोभला. कुणी दिली, असं तिनं विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, पेरूच्या झाडासकट. तिनं पदर हातात घेऊन उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "मग दोन वेळा तरी नेसायला पायजे. एकदा माझी म्हनून, एकदा तिची म्हनून." पुढं तिनं ती पुष्कळदा नेसली.

अव्वा थकल्यावर मी तिला मुंबईला आणलं. एका दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. मी तिला विचारलं, ती बाई इतक्यांदा आली, तू कधी तिला विचारलंस का, तिला नेमकं काय वाटलं होतं त्या दिवशी?

"इचारलं की."

"काय म्हणाली?"

"म्हनली, तो असता तरी मी न्हायच म्हनले असते. ज्याला जायचं हुतं त्याला पुन्ना कशाला आनायचा."

अव्वानं सुपातला खडा उचलून खिडकीबाहेर टाकला. कामानिमित्त मी पुढं बंगळूर, अहमदाबाद, मद्रास, सगळीकडं जाऊन आलो. हैदराबादला जायची वेळ दोनदा आली होती. दोन्ही वेळा दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं.